रायनर ब्राउन : चिलखताआडचा अपराधी

रायनर ब्राउन हे हाजिमे इसायामा या जपानी चित्रकथाकारांच्या ‘शिंगेकी नो क्योजिन’ या मांगामधील आणि तिच्यावर आधारलेल्या ॲनिमे मालिकेतील एक प्रमुख पात्र. जगभर ही कृती ‘अटॅक ऑन टायटन’ या इंग्रजी नावाने ओळखली जाते. कथेच्या पूर्वार्धात रायनर नायकाचा विश्वासू सहकारी म्हणून वावरतो. पुढे तोच शत्रूचा हस्तक आणि हजारोंच्या मृत्यूला कारणीभूत झालेला ‘चिलखती टायटन’ असल्याचे उघड होते. उत्तरार्धात मात्र प्रेक्षकाला त्याच्या घरी नेले जाते, त्याचे बालपण दाखवले जाते आणि या माणसाला दोषी ठरवणे जितके सोपे तितकेच त्याचा तिरस्कार करणे अवघड आहे, याची जाणीव करून दिली जाते. गडद कल्पनारम्य कथांच्या अलीकडच्या जपानी परंपरेत नैतिक द्वंद्वात सापडलेल्या प्रतिनायकाचे उदाहरण म्हणून त्याचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

या लेखात कथानकातील महत्त्वाची रहस्ये व शेवट सांगितलेला आहे. मालिका पाहण्याचा विचार असलेल्या वाचकांनी याची नोंद घ्यावी.

मूळ कृती आणि तिचा कर्ता

इसायामा यांचा जन्म 1986 साली क्यूशू बेटावरील ओइता प्रांतात, ओयामा या डोंगरांनी वेढलेल्या गावी झाला. हे गाव आज हिता शहरात समाविष्ट आहे. आपल्या कथेतील उंच तटबंदीची कल्पना या वेढणाऱ्या डोंगरांतून सुचली, असे त्यांनी सांगितले आहे. 2020 मध्ये ओयामा धरणाच्या पायथ्याशी कथेतील तीन मुख्य बालपात्रांचे कांस्यपुतळे बसवण्यात आले. ती मुले मान वर करून धरणाच्या भिंतीकडे पाहत उभी आहेत.

मांगा सप्टेंबर 2009 पासून एप्रिल 2021 पर्यंत कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या ‘बेस्सात्सू शोनेन मॅगझिन’ या मासिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिची 139 प्रकरणे असून 34 खंड निघाले. 2011 साली तिला कोदान्शाचा मांगा पुरस्कार मिळाला. जगभरातील प्रतींची संख्या 2019 मध्येच दहा कोटींवर गेली होती. ॲनिमेची पहिली तीन पर्वे ‘विट स्टुडिओ’ने 2013 ते 2019 या काळात निर्माण केली. अंतिम पर्व ‘मापा’ या स्टुडिओने केले व ते डिसेंबर 2020 मध्ये सुरू होऊन नोव्हेंबर 2023 मध्ये संपले. रायनरला योशिमासा होसोया या अभिनेत्याने आवाज दिला आहे.

कथेची चौकट

रायनरचा गुन्हा समजून घ्यायचा, तर या काल्पनिक जगाची रचना थोडक्यात माहीत असायला हवी. पॅराडिस नावाच्या बेटावर तीन वर्तुळाकार तटबंद्यांच्या आत माणसे राहतात. तटाबाहेर नरभक्षक टायटन फिरतात आणि जगात आपणच तेवढे उरलो आहोत, अशी आतल्या लोकांची समजूत आहे. प्रत्यक्षात समुद्रापलीकडे मोठे जग नांदते आहे. तेथे मार्ले हे लष्करी राष्ट्र प्रबळ आहे. बेटावरची माणसे एल्डियन वंशाची. या वंशाच्या माणसाचेच टायटनमध्ये रूपांतर होऊ शकते आणि त्यांच्या प्राचीन साम्राज्याने जगावर अनन्वित अत्याचार केले होते, असा इतिहास मार्लेमध्ये शिकवला जातो. बेटावरच्या लोकांची स्मृती त्यांच्याच राजाने पुसलेली असल्याने त्यांना यातले काहीच ठाऊक नाही.

मार्लेमध्ये मागे राहिलेल्या एल्डियनांना कुंपणाआडच्या वस्तीत डांबलेले आहे. बाहेर पडताना त्यांना दंडावर पट्टी बांधावी लागते. मार्लेच्या ताब्यात टायटनांच्या नऊ विशेष शक्तींपैकी बहुतेक आहेत आणि त्या वापरण्यासाठी एल्डियन मुलेच लागतात. निवड झालेल्या मुलाला ‘योद्धा’ म्हणतात. शक्ती स्वीकारल्यावर त्याला फक्त तेरा वर्षांचे आयुष्य उरते. मोबदल्यात त्याच्या कुटुंबाला ‘मानद मार्लेवासी’ हा दर्जा मिळतो. एखाद्या जमातीला आधी माणुसकीपासून वंचित करायचे आणि मग तीच माणुसकी तिच्या मुलांच्या आयुष्याच्या बदल्यात हप्त्याहप्त्याने परत द्यायची, अशी ही व्यवस्था आहे.

बालपण आणि निवड

रायनर लिबेरिओ येथील एल्डियन वस्तीत आई कॅरिनाबरोबर वाढतो. वडील मार्लेवासी आहेत. दोन वंशांतील असे संबंध निषिद्ध असल्याने ते कुटुंबाबरोबर राहत नाहीत. आपण एल्डियन नसतो तर तिघे एकत्र राहिलो असतो, हे आईचे दुःख मुलाच्या मनावर लहानपणीच कोरले जाते. योद्धा झालो की आपण मानद मार्लेवासी होऊ आणि वडील घरी येतील, एवढा साधा हिशेब मनाशी मांडून तो प्रशिक्षणात उतरतो.

प्रशिक्षणात तो चमकत नाही. धावण्यात मागे, नेमबाजीत सामान्य, बुद्धीतही इतरांच्या खालीच. त्याच्याकडे एकच गोष्ट भरपूर आहे, ती म्हणजे निष्ठा. बेटावरच्या ‘सैतानां’विषयी शिकवलेला द्वेष तो सर्वांत जोरात बोलून दाखवतो. पोर्को गॅलियार्ड हा सहाध्यायी त्याची टर उडवतो. तरीही चिलखती टायटनसाठी निवड रायनरची होते आणि पोर्को मागे राहतो. निवडीनंतर तो आनंदाने वडिलांना गाठतो, तेव्हा आपल्याला फासावर चढवायला आलात का, असे ओरडत वडील त्याला हाकलून देतात. ज्या कारणासाठी त्याने तेरा वर्षांचे आयुष्य पत्करले, ते कारण मोहिमेवर निघण्यापूर्वीच नाहीसे झालेले असते. तेव्हा त्याचे वय जेमतेम अकरा-बारा आहे.

इसायामा यांनी हा भाग कथेच्या फार उशिराच्या टप्प्यावर ठेवला आहे. प्रेक्षकाने कित्येक वर्षे ज्याला शत्रू मानले, त्याच्या बालपणाची ओळख शिक्षा मनात पक्की झाल्यानंतर करून दिली जाते. त्यामुळे सहानुभूती सहजासहजी जागी होत नाही. ती आधीच्या संतापाशी झगडत वर येते.

मार्सेलचा मृत्यू

845 साली (हा कथेतील काल्पनिक शकाचा आकडा आहे) चार मुले बेटावर पाठवली जातात : मार्सेल गॅलियार्ड, बेर्टोल्ट हूवर, ॲनी लिओनहार्ट आणि रायनर. तटबंदी फोडायची, आत शिरायचे आणि ‘आद्य टायटन’ ही सर्वश्रेष्ठ शक्ती हस्तगत करून परत यायचे, असा आदेश असतो. पहिल्याच रात्री मार्सेल रायनरजवळ एक कबुली देतो. धाकटा भाऊ पोर्को या मरणाच्या वाटेवर जाऊ नये, म्हणून त्याने अधिकाऱ्यांजवळ पोर्कोची निंदा आणि रायनरची स्तुती केली होती. म्हणजे रायनरची निवड गुणांवर झालीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी जमिनीतून अचानक एक टायटन वर येतो. मार्सेल रायनरला बाजूला ढकलतो आणि स्वतः त्याच्या तोंडी सापडतो. रायनर पळत सुटतो. उरलेले तिघे एकत्र येतात, तेव्हा ॲनी व बेर्टोल्ट यांना परत फिरायचे असते. नेता गेला, मोहीम संपली. रायनरला मात्र परत जाणे शक्य नाही, कारण परत गेल्यावर त्याची शक्ती काढून घेतली जाईल आणि तो पुन्हा कोणीच उरणार नाही. मार्सेल हवा असेल तर मीच मार्सेल होईन, असे सांगून तो दोघांना पुढे रेटतो.

पुढच्या सगळ्या अनर्थाची गाठ येथे आहे. बेर्टोल्ट महाकाय टायटनचे रूप घेऊन शिगानशिना गावाचे बाहेरचे दार फोडतो, रायनर आतले दार फोडतो आणि सर्वांत बाहेरची तटबंदी पडते. नायक एरेन येगर याच्या डोळ्यांदेखत त्याची आई टायटनच्या तोंडी जाते. पुढच्या वर्षी अन्नटंचाई टाळण्यासाठी आतले सरकार निर्वासितांसह सुमारे अडीच लाख लोकांना गमावलेला प्रदेश परत जिंकण्याच्या नावाखाली बाहेर पाठवते आणि त्यांतले बहुतेक मरतात. आदेश मार्लेचा होता, हे खरे. पण परत फिरण्याची एक संधी आली होती आणि ती रायनरने नाकारली, हेही तितकेच खरे. ही नोंद कथा शेवटपर्यंत विसरत नाही आणि रायनरही विसरत नाही.

सैनिक आणि योद्धा

निर्वासितांच्या लोंढ्यात मिसळून तिघे आत शिरतात व पुढे 104 व्या प्रशिक्षण तुकडीत दाखल होतात. येथे रायनर बदलतो. मार्सेलसारखे व्हायचे ठरवलेला हा मुलगा खरोखरच सर्वांचा थोरला भाऊ बनतो. अडखळणाऱ्याला हात देतो, घाबरलेल्याला धीर देतो, संकटात स्वतः पुढे होतो. तुकडीत त्याचा क्रमांक दुसरा लागतो. थकून हताश झालेल्या एरेनला तो सांगतो, की जे करायला हवे ते करीत पुढे जात राहणे, एवढाच मार्ग आहे. हा सल्ला एरेन किती खोलवर घेतो आणि त्यातून पुढे काय उभे राहते, ते कळल्यावर या साध्या प्रसंगाचा रंग पार पालटून जातो.

कथेत ‘सैनिक’ व ‘योद्धा’ हे दोन शब्द नेमकेपणाने वापरले आहेत. जपानीत ते ‘हेइशी’ आणि ‘सेन्शी’. तटबंदीच्या आत मानवजातीसाठी लढतो तो सैनिक. मार्लेकडून आलेला तो योद्धा. रायनरच्या मनात हळूहळू या दोन व्यक्ती वेगळ्या होतात. आपण शत्रूचे हस्तक आहोत, हेच तो अधूनमधून विसरतो आणि मनापासून सैनिक म्हणून बोलू लागतो. बेर्टोल्टला त्याला आठवण करून द्यावी लागते, की तू सैनिक नाहीस. अपराधाचे ओझे पेलेना म्हणून त्याने स्वतःचे दोन तुकडे केले, हे निदान पुढे यमिर ही सहकारी तरुणी बोलून दाखवते.

युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या मानसिक अवस्थेचा अभ्यास करणाऱ्यांनी ‘नैतिक जखम’ अशी एक संज्ञा वापरली आहे. व्हिएतनाम युद्धातील सैनिकांवर उपचार करणारे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी 1990 च्या दशकात ती रूढ केली. स्वतःच्या जिवाला असलेल्या धोक्याच्या भीतीपेक्षा ही जखम वेगळी असते. जे योग्य म्हणून मानले त्याच्या विरुद्ध काही घडल्याने किंवा केल्याने ती होते. रायनरच्या दुभंगलेपणाला ही संज्ञा बरीच लागू पडते. तो जितका चांगला सैनिक होत जातो, तितका त्याचा गुन्हा त्याला अधिक स्पष्ट दिसू लागतो.

मार्कोचा खून

या दुभंगलेपणाचे सर्वांत भयंकर दृश्य मार्को बोट या सहाध्यायाच्या मृत्यूचे आहे. ट्रोस्ट शहरावरील हल्ल्याच्या धामधुमीत छतावर चाललेले रायनर व बेर्टोल्ट यांचे बोलणे मार्कोच्या कानी पडते. रायनर त्याला खाली दाबून धरतो आणि ॲनीला मार्कोच्या अंगावरचे उड्डाणयंत्र काढून घ्यायला भाग पाडतो. तिला या लोकांविषयी ममता वाटत नाही, हे तिने असे करून सिद्ध करावे, अशी त्याची मागणी असते. आपण अजून नीट बोललोसुद्धा नाही, अशी विनवणी मार्को करीत राहतो. तिघे त्याला तेथेच टाकून देतात आणि जवळ आलेला टायटन त्याला खातो. ते पाहताना रायनरच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागतात आणि मार्कोला टायटन का खातो आहे, असे तो अगदी निष्पापपणे विचारतो.

येथे त्याचे अश्रू खोटे नाहीत आणि त्याचा हातही चुकून पडलेला नाही. या प्रसंगानंतर रायनरला केवळ परिस्थितीचा बळी म्हणणे शक्य राहत नाही. मार्कोची हत्या करण्याचा हुकूम मार्लेने दिलेला नव्हता. तो निर्णय त्याचा होता.

तटबंदीवरील कबुली

रायनरचे खरे रूप उघड होते तो प्रसंग कथनतंत्राच्या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. अशा रहस्यभेदासाठी वापरला जाणारा थाटमाट येथे मुळीच नाही. रात्रभराच्या लढाईनंतर थकलेली माणसे तटावर उभी आहेत, पुढच्या कामाची बोलणी चालू आहेत. चौकटीच्या कडेला रायनर एरेनला बाजूला घेऊन, हवापाण्याविषयी बोलावे तशा स्वरात सांगतो, की मी चिलखती टायटन आणि हा महाकाय टायटन. तू आमच्याबरोबर आलास तर हे सगळे थांबवता येईल. एरेनला धड कळत नाही, प्रेक्षकालाही आपण नेमके काय ऐकले याची खात्री वाटत नाही. बेर्टोल्टच्या चेहऱ्यावरची घबराट तेवढी खरे सांगते.

ही कबुली कोणत्याही डावपेचाचा भाग नाही. खोटेपणाचे ओझे असह्य झालेल्या माणसाचा तो तोल जाणे आहे. पुढच्या काही क्षणांत एरेन संतापाने व अविश्वासाने उत्तर देतो, तेव्हा रायनर म्हणतो, की आम्ही तेव्हा लहान होतो, काही जाणत नव्हतो. अशी माणसे येथे आहेत हे मला कळलेच नसते तर बरे झाले असते. आता बरोबर काय ते ठरवता येत नाही, तेव्हा योद्धा म्हणून जबाबदारी शेवटाला नेणे एवढेच उरले आहे. यातले शेवटचे वाक्य त्याच्या विचाराचा दोष नेमका दाखवते. चूक उमगल्यावर थांबण्याऐवजी ती पूर्ण करण्यालाच तो जबाबदारी म्हणतो.

मागे वळून पाहिल्यास खुणा पुष्कळ सापडतात. प्रशिक्षणकाळात तो सतत घरी परतण्याची भाषा करतो. तेथे ‘घर’ म्हणजे काय, हा प्रश्न कोणाला पडत नाही. मादी टायटनच्या मुठीत सापडून सुटताना तो तिच्या तळहातावर एरेनचा ठावठिकाणा कोरतो. पहिल्या पाहण्यात ते केवळ शौर्य वाटते.

परतल्यानंतरची चार वर्षे

शिगानशिनाच्या दुसऱ्या लढाईत बेर्टोल्ट मारला जातो. रायनर जेमतेम वाचून मार्लेला परततो. अंतिम पर्व सुरू होते ते चार वर्षांनी आणि कथेची बाजूच बदललेली असते. आता प्रेक्षक समुद्रापलीकडे, रायनरच्या घरात बसलेला आहे. रायनर एकवीस वर्षांचा आहे, दिसतो त्याहून पुष्कळ मोठा.

घरच्या जेवणाच्या टेबलावर त्याची लहान मामेबहीण गाबी बेटावरच्या सैतानांच्या गोष्टी ऐकायला उत्सुक आहे. रायनर त्यांचा द्वेषाने पाढा वाचू लागतो. दाखल होण्याच्या समारंभातच एक मुलगी बटाटा खात होती, अर्धा दिला म्हणाली तो अर्धाही नव्हता, असे सांगता सांगता त्याचा स्वर बदलतो. सैतानांचे वर्णन जुन्या मित्रांच्या आठवणीत कधी शिरले, हे त्याचे त्यालाही कळत नाही. टेबलावर शांतता पसरते. गाबी गोंधळून पाहते. आईला ऐकायचे होते ते हे नव्हे. संपूर्ण मालिकेत शत्रुराष्ट्राच्या प्रचाराचे खंडन इतक्या साधेपणाने दुसरीकडे कोठे झालेले नाही.

गाबी स्वतः योद्धा होण्यासाठी धडपडते आहे. तिच्यात रायनरला आपले बालपण दिसते. फाल्को हा मुलगा तिच्याऐवजी आपली निवड व्हावी म्हणून झटतो, तेव्हा रायनर त्याला एकांतात प्रोत्साहन देतो, की गाबीला या भवितव्यातून वाचव. ज्या व्यवस्थेची तो सेवा करतो तिच्याविरुद्ध त्याने केलेली ही पहिली छोटी कृती. याच काळात तो एकदा जीवन संपवण्याच्या अगदी काठावर पोहोचतो. बाहेरून फाल्कोने भिंतीवर मारलेला ठोसा आणि त्याचा उद्विग्न आवाज ऐकून तो थांबतो. या मुलांचे काय होईल, या विचाराने तो स्वतःला जगायला लावतो.

तळघरातील भेट

लिबेरिओत शत्रूविरुद्ध युद्ध जाहीर करण्याचा सोहळा चालू असताना वेष पालटून आलेला एरेन एका तळघरात रायनरला भेटतो. वर व्यासपीठावर भाषण, खाली दोन माणसांचे संथ बोलणे. चार वर्षांपूर्वी एरेनने त्याला शक्य तितके भयानक मरण देण्याची शपथ घेतली होती. आज तो शांत आहे. तू लहान होतास, तुला शिकवले तेच तू केलेस, असे तोच समजुतीने म्हणतो.

प्रेक्षकाची अपेक्षा अशी असते, की ही क्षमा रायनर स्वीकारील. तो ती नाकारतो. गुडघे टेकून तो सांगतो, की परिस्थितीमुळे नव्हे, इतर दोघांना परत जायचे असताना मीच त्यांना पुढे नेले. मला वीर व्हायचे होते, कोणाच्या तरी आदराला पात्र व्हायचे होते. तुझी आई मेली ती माझ्यामुळे. पात्राच्या नैतिक जीवनातला हा सर्वोच्च क्षण होय. इतकी वर्षे त्याला ज्या सबबींची गरज होती, त्या आयत्या हातात आल्यावर तो त्या खाली ठेवतो.

एरेनचे उत्तर त्याहून भीषण आहे. आपण दोघे सारखेच आहोत, असे म्हणून तो हात पुढे करतो, रायनरला उठवतो आणि त्याच क्षणी टायटनचे रूप घेऊन वरची इमारत माणसांसकट उद्ध्वस्त करतो. शिगानशिनात जे एरेनच्या वाट्याला आले, ते आता लिबेरिओतल्या मुलांच्या वाट्याला येते. पीडित आणि अपराधी यांची अदलाबदल पूर्ण होते. प्रशिक्षणकाळातला पुढे जात राहण्याचा सल्ला शिष्याने गुरूहून अधिक निष्ठेने पाळलेला असतो.

शेकोटीभोवतीचा हिशेब

एरेन लाखो टायटनांच्या पायांखाली सारे जग तुडवायला निघतो, तेव्हा त्याला रोखण्यासाठी जुने शत्रू एकत्र येतात. निघण्याआधीच्या रात्री शेकोटीभोवती सर्वजण बसलेले असताना मार्कोच्या मृत्यूचा विषय निघतो. मार्कोचा जिवलग मित्र ज्याँ याला रायनर घडले ते सगळे सांगतो. ज्याँ त्याच्यावर तुटून पडतो. रायनर प्रतिकार करीत नाही. मध्ये पडलेल्या गाबीला लाथ बसते, तेव्हा कोठे ज्याँ थांबतो. पहाटे तो परत येतो आणि बरोबर निघतो. क्षमा केली, असे तो कोठेही म्हणत नाही.

पुढे बंदरावर ज्याँ, कॉनी आदींना आपल्याच जुन्या साथीदारांवर शस्त्र चालवावे लागते. ज्यांनी रायनरला गद्दार म्हटले होते, त्यांना गद्दारीचा अर्थ हातांनी कळतो. कॉनी तसे बोलूनही दाखवतो. एरेनला आपल्याला कोणीतरी थांबवावे असे वाटत असेल, हे सर्वांत आधी ओळखतो तोही रायनरच, कारण त्या जागी तो स्वतः उभा राहून आलेला आहे.

शेवटी टायटनांच्या शक्तीच नाहीशा होतात. मुलाला सूडाचे साधन बनवल्याबद्दल कॅरिनाला झालेला पश्चात्ताप आणि माय-लेकांची भेट हा त्याच्या कथेचा भावनिक शेवट. अंतिम प्रकरणात तीन वर्षांनंतर तो इतरांबरोबर शांततेच्या बोलणीसाठी जहाजाने पॅराडिसकडे निघालेला दिसतो. पहिल्या खेपेला तो त्या किनाऱ्यावर उतरला होता, तो दार फोडण्यासाठी.

प्रतिनायकाचे स्वरूप

आपल्या काव्यशास्त्रात नायकाला विरोध करणाऱ्या पात्रासाठी ‘प्रतिनायक’ हा शब्द आहे. व्यवहारात आपण तो ‘खलनायक’ याच अर्थी वापरतो. पण विरोध करणारा प्रत्येक जण खल असतोच असे नाही. चुकीच्या बाजूने लढणाऱ्या सत्प्रवृत्त वीराची ओळख मराठी वाचकाला कर्णाच्या रूपाने फार जुनी आहे. रायनर त्याच्याहून एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळा पडतो. कर्णाला बांधून ठेवणारे मैत्रीचे ऋण खरे होते. रायनरला बांधून ठेवणारी गोष्ट त्याला लहानपणी सांगितलेली थाप आहे आणि ती थाप असल्याचे त्याला अर्ध्या वाटेवर कळते. त्यानंतरही तो चालत राहतो. म्हणून त्याची शोकांतिका निष्ठेपेक्षा भीतीची अधिक आहे. कोणीच नसण्याची ती भीती आहे.

दुसरा मुद्दा वयाचा. बालसैनिकांचा प्रश्न काल्पनिक नाही. पंधरा वर्षांखालील मुलांना सैन्यात भरती करणे वा लढाईत वापरणे हा 1998 च्या रोम कराराने युद्धगुन्हा ठरवला. संयुक्त राष्ट्रांनी 2000 साली स्वीकारलेल्या ऐच्छिक शिष्टाचाराने थेट लढाईतील सहभागासाठी अठरा वर्षांची मर्यादा घातली. कायदा अशा मुलाकडे मुख्यतः बळी म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. मात्र ते मूल मोठे झाल्यावर स्वतःकडे कसे पाहते, हे कायदा सांगू शकत नाही. बळी असणे आणि दोषी असणे एकाच माणसात, एकाच वेळी, एकमेकांना रद्द न करता नांदू शकते. रायनरच्या चित्रणाचे मोल या प्रश्नाला भिडण्यात आहे.

आक्षेप

या कृतीवर गंभीर आक्षेपही घेतले गेले आहेत. दंडावरच्या पट्ट्या आणि कुंपणाआडची वस्ती ही प्रतिमा नाझी राजवटीतील ज्यूंच्या छळाची उघड आठवण करून देते. ज्या वंशाला हा छळ सोसावा लागतो, तोच वंश खरोखर राक्षसात रूपांतरित होऊ शकतो, अशी रचना केल्याने द्वेषाच्या प्रचाराला नकळत दुजोरा मिळतो, असे काही समीक्षकांनी म्हटले आहे. कथा हा द्वेष कसा तयार होतो तेच दाखवते, असे समर्थकांचे म्हणणे. हा वाद मिटलेला नाही. रायनरपुरते पाहिले, तर दुसऱ्या मताला बळ मिळते. द्वेष त्याला पाठ करून घ्यावा लागला होता आणि शत्रूच्या पंगतीत बसून जेवल्यावर तो टिकला नाही.

दुसरा आक्षेप असा, की अपराध्याच्या वेदनेवर इतका वेळ खर्च करताना त्याचे बळी पार्श्वभूमीत जातात. तो काही अंशी मान्य करावा लागतो. शिगानशिनात मेलेल्या बहुसंख्य माणसांना कथेत नावेही नाहीत. मार्कोच्या मृत्यूकडे कथा पुन्हा पुन्हा परत येते, तेव्हा त्या निनावी मृतांचे थोडे ऋण फेडले जाते, एवढेच म्हणता येईल.

पाहणाऱ्यांसाठी

चित्रपट रेखाटलेला आहे म्हणजे तो मुलांसाठी आहे, हा आपल्याकडचा समज या मालिकेला लागू होत नाही. तिच्यात अंगावर येणारा रक्तपात आहे, मुलांचे मृत्यू आहेत, आत्मघाताच्या काठावरचे दृश्य आहे. कुमारवयीन मुले ती पाहत असतील, तर पालकांनी सोबत बसून पाहावी आणि बोलावे, हे बरे. रायनरची कथा समजण्यासाठी पर्वे क्रमानेच पाहायला हवीत. सारे रहस्य कळल्यावर पहिले पर्व पुन्हा पाहिले, तर प्रत्येक दृश्यात मागच्या रांगेत उभा असलेला, हसतमुख, सर्वांना धीर देणारा तो दणकट तरुण वेगळाच दिसू लागतो.